वेळासची वाट

बागमांडल्याला मोटार फेरीबोटीत चढली, तशी आमच्या सौभाग्यवतींनी डोळे घट्ट मिटले. पलीकडे वेसवी, तिथून बाणकोटवरून वेळास, माझ्या कॉलेजमित्राचे गाव. नाना फडणविसांचे मूळ गाव म्हणून आम्हां पुणेकरांना त्याचे कौतुक. गावाला मात्र कासवांचे! पूर्वी अंडी सर्रास उकरून नेत. २००२ पासून ती वाळूत कुंपण घालून जपतात.

फाल्गुनातली पहाट. टोपलीखालची पिल्ले लाटांकडे निघाली.

"त्यांची आई कुठाय?" बंड्याने विचारले.

"शंभरेक अंडी घालून ती केव्हाच गेली रे," मित्र म्हणाला.

वहिनी काही बोलल्या नाहीत. त्यांचे दोघेही मुलगे मुंबईला. दुपारी बंड्याच्या पानात त्यांनी, न विचारता, तिसरा मोदक वाढला.