जीवदयेची पुढची पायरी

भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यातील आसगाव हे धानाच्या पट्ट्यातील गाव. या भागातील गावकुत्र्यांची पिल्ले बहुतांशी थंडीच्या दिवसांत जन्मतात. त्यांतील एखादे वाहनाच्या धक्क्याने आईला मुकते आणि कोणी दयाळू कुटुंब त्याला घरी आणते. तीन-चार महिन्यांत तेच पिल्लू हाताला, साडीच्या पदराला, मुलांच्या पोटऱ्यांना दात लावू लागते. पुढे दुकान आणि मागे बिऱ्हाड असलेल्या घरात गिऱ्हाईक बिचकते, वडीलधारी मंडळी वैतागतात आणि पिल्लाला पुन्हा रस्त्यावर सोडण्याचा विचार पुढे येतो. परंतु घरात वाढलेल्या त्या जिवाला ना गल्लीतील इतर कुत्र्यांची रीत ठाऊक असते, ना वाहनांचे भय. अशा वेळी त्याला सोडणे म्हणजे केलेल्या उपकाराचे अपकारात रूपांतर करणे होय.

पिल्लाच्या या वागण्यात दुष्टावा नसतो. त्याला दुधाचे 28 दात असतात. साधारण चौथ्या महिन्यापासून ते पडू लागतात आणि सातव्या महिन्यापर्यंत 42 पक्के दात येतात. या काळात हिरड्या शिवशिवतात. शिवाय भावंडांशी खेळताना जोराने चावले की समोरचे पिल्लू केकाटून खेळ थांबवते. जबडा आवरण्याचा पहिला धडा तेथेच मिळतो. आठ आठवड्यांच्या आत आईपासून दुरावलेल्या पिल्लाचा हा धडा अपुरा राहतो. तो पुरा करण्याचे दायित्व घराकडे येते.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत : बांधून ठेवणे, मारणे, अवयव छेदणे, अतिभार लादणे आणि अन्नपाणी रोखणे. यांतील मारणे, बांधणे व उपाशी ठेवणे हे तीन ‘उपाय’ पिल्लाला वळण लावण्याच्या नावाखाली आजही सर्रास केले जातात. अनुभव असा की मार खाल्लेले कुत्रे मनुष्याच्या हातालाच भिते आणि गुरगुरून इशारा न देता थेट चावू शकते. दिवसभर साखळीत राहिलेले अधिकच उसळते, तर उपाशी ठेवलेले अन्नावर कोणाला फिरकू देत नाही. व्रताने जे वर्ज्य ठरविले, ते व्यवहारातही तोट्याचेच ठरते.

मग करावे काय? व्यापाऱ्याला समजेल असे सूत्र एकच : दात लावल्याचा नफा बंद करावा. दात त्वचेला लागताच हात झटकू नये, ओरडू नये. त्यातून खेळ रंगतो. हात सैल सोडून उठावे, पाठ फिरवावी, गरज पडल्यास अर्धा मिनिट दाराआड जावे आणि शांतपणे परत यावे. पिल्लू शांत राहिले किंवा चिंधीकडे वळले, की त्याच क्षणी पोळीचा तुकडा द्यावा. हा व्यवहार रोखीचा आहे. बक्षिसाला दोन मिनिटे उशीर झाला तर ते कशाबद्दल मिळाले, हे पिल्लाला कळत नाही. आरंभीचे काही दिवस चावणे वाढल्यासारखे वाटेल. तेव्हा डगमगू नये. आजोबांनी थांबवायचे आणि नातवाने हात चावू देऊन खेळवायचे, असे झाल्यास सारे श्रम वाया जातात. नियम सर्वांचा एकच असावा.

चघळण्यासाठी जुन्या सुती कापडाची घट्ट गाठ ओली व थंड करून द्यावी. धागे सुटू लागताच ती काढून घ्यावी. अनेकजण गाजर सुचवतात. कंदमूळ वर्ज्य असलेल्या घरात काकडी चालते. किराणा असलेल्या घरात एक काळजी मात्र अवश्य घ्यावी : मनुका आणि चॉकलेट कुत्र्यांना विषारी ठरतात. पिल्लाला दिवसाचा बराच काळ झोप लागते; थकलेले पिल्लू हट्टी मुलासारखे अधिक चावते. दुकानात वर्दळ असताना त्याला आतल्या शांत खोलीत निजू द्यावे. मुलांना पळण्याऐवजी हात छातीशी घेऊन स्तब्ध उभे राहण्यास शिकवावे आणि लहान मुलांना पिल्लाजवळ एकटे सोडू नये.

खेळातील चावणे आणि भीतीचे चावणे यांत मात्र अंतर आहे. अंग ताठ, नजर रोखलेली, दात विचकलेले असतील तर पशुवैद्यकांचा सल्ला घ्यावा. पिल्लाला तिसऱ्या महिन्यापासून रेबीजची लस द्यावीच. दात लागून किंचित जरी खरचटले, तरी जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्वरित प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. हळद, चुना वा मिरची लावून वेळ दवडणे जिवावर बेतते.

जीवंधरकुमाराने मरणासन्न श्वानाला णमोकार मंत्र ऐकविल्याची कथा जैन घरांत परिचित आहे. त्या श्वानाला अखेरच्या क्षणी करुणा लाभली. घरी आणलेल्या पिल्लापुढे तर अवघे आयुष्य आहे. त्याला काही आठवड्यांचे सातत्य हवे असते, आणि ते देण्यासाठी रागावर ताबा प्रथम घरातील माणसांनी मिळवावा लागतो.