सनदी, तळवार, पाटील : आडनावांत उरलेले गावपोलीस

बेळगाव तालुक्यातली कुठलीही मतदारयादी उघडा. पाटील तर पानोपानी भेटतीलच, पण त्यांच्या आगेमागे सनदी आणि तळवार ही आडनावंही दिसतील. ही तिन्ही मुळात एकाच खात्यातली पदं आहेत. त्या खात्याला ना गणवेश होता, ना पोलीस स्टेशन. हल्ली 'कम्युनिटी पोलिसिंग' या नावाने चर्चासत्रं भरतात आणि प्रत्येक वक्ता १८२९ सालच्या लंडनपासून, म्हणजे रॉबर्ट पील यांच्या पोलिसांपासून सुरुवात करतो. लोक हेच पोलीस, ही कल्पना म्हणे तिथली. आमच्या भागात गाव स्वतःची राखण त्याच्या कितीतरी आधीपासून करत होतं. ते कसं चालायचं आणि त्याची किंमत कोण मोजत होतं, हे इथे मांडतो.

एप्रिल १८१८ मध्ये मन्रोने बेळगावचा किल्ला घेतला. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टनने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाचा अहवाल लिहिला. त्यातला गावच्या बंदोबस्ताचा भाग मी कितीदा वाचला असेन. गावाची जबाबदारी पाटलावर. त्याच्या हाताखाली जागल्या, ज्याला आपल्याकडे कानडी वळणाने तळवार म्हणतात. कुठे तो महार, कुठे रामोशी, आणि बेळगावकडे बऱ्याच ठिकाणी बेरड. गावात कोण परका आला, कोण रात्री उशिरा बाहेर पडला, कोणाची ऐपत नसताना हात सैल सुटलाय, हे सगळं त्याला ठाऊक असायला हवं.

खरी गंमत चोरी झाल्यावर. जागल्याने चोराच्या पावलांचा माग काढायचा. माग शिवेपर्यंत गेला की पलीकडच्या गावच्या जागल्याला बोलावून तो त्याच्या हवाली करायचा. तिथून पुढची जबाबदारी त्या गावाची. माग जिथे थांबला, ते गाव अडकलं. चोर सापडला नाही, माल मिळाला नाही, तर जागल्याने ऐपतीप्रमाणे भरपाई द्यायची आणि उरलेली रक्कम सगळ्या गावावर बसायची.

मी इंजिनियर माणूस, आयुष्य कारखान्यात गेलं. पाळी बदलताना मशीन चालू स्थितीत पुढच्या माणसाच्या ताब्यात द्यायचं आणि सही घ्यायची, हे आमच्या अंगात मुरलेलं. म्हणून शिवेवरचं हे हस्तांतर मला लगेच कळलं. सीमेवर दोन्ही बाजूंची माणसं हजर असल्याशिवाय जबाबदारी सरकत नाही. पण भरपाईच्या कलमापाशी मी थबकतो. गावाच्या चुकीचा पहिला दंड गावातल्या सर्वांत गरीब माणसावर! एल्फिन्स्टनलाही ही वसुली अन्यायाचीच वाटली होती, मात्र तिच्यामुळे गाव डोळ्यांत तेल घालून जागं राहतं हेही त्याला दिसत होतं.

तिसरं पद शेतसनदीचं. पगाराऐवजी शेतजमिनीची सनद, आणि तिच्या बदल्यात शिपाईगिरी : ठाण्यावर पहारा, खजिन्याची राखण, वसुलीला सोबत. कित्तूर संस्थानात असे शेतसनदी बरेच होते. संगोळ्ळी रायण्णा त्यांच्यातलाच. कंपनी सरकारने या जमिनींना हात घातला तेव्हा १८३० साली त्याने उठाव केला आणि सरकारी कचेऱ्यांतली दप्तरं जाळली. ज्या कागदांवर आपली जमीन गेली ते कागदच जाळायचे, हा हिशेब सरळ होता. २६ जानेवारी १८३१ रोजी त्याला खानापूर तालुक्यात नंदगडला फाशी दिलं. तिकडे लंडनला नवे पोलीस रस्त्यावर येऊन जेमतेम दीड वर्ष झालं होतं, आणि इकडे गावचा शिपाई सरकारविरुद्ध उभा राहून फासावर गेला.

तरीही इंग्रजांनी ही व्यवस्था मोडली नाही, कारण ती स्वस्त होती. १८६७ च्या मुंबई ग्रामपोलीस कायद्याने तिला चौकट दिली. पोलीस पाटील जिल्हा मॅजिस्ट्रेटच्या हाताखाली आला. गुन्ह्याची, संशयास्पद मृत्यूची खबर वर पाठवायची, आरोपीला अडवून ठेवायचं. किरकोळ मारामारी आणि शिवीगाळीसाठी चोवीस तासांपर्यंत चावडीत डांबायचा अधिकारही त्याला होता. आमच्या लहानपणी म्हातारी माणसं 'चावडीत बसवतील हां' असा दम द्यायची, तो यातूनच आलेला असावा.

पाटलाचा मान वाढला, खालच्यांचं काय? १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा पुढे मुंबई इलाख्यातही लागू झाला. पिढ्यान्‌पिढ्या गावाची राखण केलेल्या समाजांवरच चोराचा शिक्का बसला. आपल्या यमनापूरच्या भीमराव गस्तींचं 'बेरड' ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी जरूर वाचावं, पोलीस खालून कसे दिसतात हे त्यात आहे. महारांच्या वतनाची कथाही तीच. रात्रंदिवस कोणाच्याही हाकेला ओ द्यायची, मोबदला नावापुरता. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात १८७४ च्या वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक आणलं ते याचसाठी. 'पूर्वी गाव कसं एकोप्याने राहायचं' असं आमच्या बैठकीत कोणी म्हटलं की मी हे विधेयक काढतो. काहींना ते आवडत नाही.

आता सीमेची गोष्ट. चंदगड तालुका १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यातच होता. कायदा एक, पाटील एकाच पद्धतीचे. १ नोव्हेंबरला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, चंदगड मुंबई राज्यात राहून कोल्हापूरला जोडलं गेलं. प्रयोगशाळेत मुद्दाम करावा असा हा प्रयोग. म्हैसूर राज्याने १९६१ च्या कायद्याने वंशपरंपरागत ग्रामपदं रद्द केली, अंमल १९६३ पासून. महाराष्ट्रानेही वतनं काढली, पण पोलीस पाटील ठेवला : १९६७ चा नवा ग्रामपोलीस कायदा केला, वारसा काढून टाकला आणि नेमणूक प्रांताच्या हाती दिली. त्यामुळे आज चंदगडकडच्या गावात काही झालं तर पहिला फोन पोलीस पाटलाला जातो, आणि तो पाटील आडनावाचा असेलच असं नाही. इकडे बेळगावच्या बाजूला गावात तसं पदच नाही.

२०१७ मध्ये कर्नाटक पोलिसांनी सुधारित बीट पद्धत आणली. प्रत्येक बीट एका ठराविक कॉन्स्टेबलकडे, आणि त्याच्या जोडीला तिथल्या रहिवाशांचा गट. म्हणजे गावाला ओळखणारा एक माणूस पुन्हा शोधायचा होता. मला यात जुन्या तळवाराची जागा दिसते, फरक इतकाच की या कॉन्स्टेबलला पगार आहे, आणि चोरी झाली तर ती त्याच्या खिशातून भरून घेत नाहीत. बदली मात्र होते. गाव नीट ओळखीचं होईपर्यंत तो दुसऱ्या ठाण्याला गेलेला असतो. तळवाराची बदली कधीच होत नसे. त्याला सुटकाही नव्हती.

आपल्या गावात जुन्या चावडीची इमारत उभी असेल, किंवा घरात शेतसनदीची सनद, पाटीलकीचा हुकूम असा एखादा कागद असेल, तर त्याचा फोटो मंडळाकडे जरूर पाठवा. पाटलांचे कागद पुष्कळ मिळतात. तळवारांच्या घरचा एकही अजून माझ्या हाती आलेला नाही.