ऱ्होड्सचा महापुरुष

प्राचीन जगांतील सात आश्चर्यांचीं नांवें आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं शाळेंत पाठ केलीं असतील. त्यांत ऱ्होड्स बेटावरील सूर्यदेवाच्या पुतळ्याचें नांव निघालें, कीं एक चित्र डोळ्यांपुढें येतें: बंदराच्या तोंडाशीं दोहों कांठांवर पाय रोवून उभा असलेला महापुरुष, आणि त्याच्या पायांखालून जाणारीं गलबतें. असें वर्णन एकाहि प्राचीन ग्रंथकारानें केलेलें नाहीं. ती मध्ययुगांतील दंतकथा; तिला इतिहासाचा मान मिळाला तो सोळाव्या शतकांतील ताम्रमुद्रित चित्रांमुळें.

ताम्रपट म्हटला कीं आपणांस दानपत्रें आठवतात. येथें काम निराळें. पोलादी कोरणीनें तांब्याच्या गुळगुळीत पत्र्यावर रेघा खोदावयाच्या, त्यांत शाई भरून वरचा भाग पुसून घ्यावयाचा, आणि ओलसर कागद ठेवून पत्रा दोन रुळांमधून दाबून काढावयाचा. (आपल्याकडेहि १८०५ सालीं मिरजेस तांब्याच्या पत्र्यांवर अक्षरें कोरून भगवद्गीता छापली गेली होती.) एका पत्र्यावरून शेंकडों प्रती निघत. राजवाड्याच्या भिंतीवरील चित्र पाहावयास माणसास तेथवर जावें लागे. छापील चित्र व्यापाऱ्याच्या गाठोड्यांतून माणसाकडे येई.

मार्टेन व्हॅन हेमस्केर्क (१४९८–१५७४) हा हॉलंडचा चित्रकार १५३२ सालीं रोमला गेला. तेथील भग्नावशेषांचीं त्याचीं रेखाटनें बर्लिन येथें आजहि जतन केलेलीं आहेत. उतारवयांत त्यानें या आश्चर्यांचीं चित्रें काढलीं. तीं फिलिप्स गाले यानें तांब्यावर कोरून १५७२ सालीं प्रसिद्ध केलीं. प्रत्येकाखालीं हाड्रियानुस युनियुस या पंडिताचीं लॅटिन पद्यें होतीं. विद्वानानें पद्य वाचावें, इतरांनीं चित्र पाहावें!

आश्चर्यें सात, पण चित्रें आठ. आठवें रोमच्या कोलोसियमचें. जुन्या यादींत तें नव्हतें. परंतु चित्रकारानें स्वतः पाहिलेलें तेवढेंच एक होतें. आपल्या १५५३ च्या आत्मचित्रांतहि पाठीमागें त्यानें तेंच रंगविलें आहे. बाकीच्या चित्रांत मात्र पाहिलेल्यावरून न पाहिलेलें रचणें प्राप्त होतें. म्हणून एफिससच्या डायनादेवीच्या मंदिरास इटलींतील ख्रिस्ती देवळाचें तोंड आलें, आणि ईजिप्तचे पिरॅमिड सुळक्यांसारखे निमुळते झाले.

आम्हांस यांत हसण्याजोगें कांहीं वाटत नाहीं. त्या मंदिराचे अवशेष वुड या इंग्रज संशोधकास सांपडले ते १८६९ सालीं. त्यापूर्वीं ग्रंथांतून मापें मिळत, रूप मिळत नसे. आणि रूपावांचून इतिहास सामान्य माणसाच्या मनांत फार काळ टिकत नाहीं. हेमस्केर्कनें रूप दिलें हा त्याचा मोठा उपकार होय.

दोष आहे तो पाहणाऱ्यांच्या विश्वासाचा. प्लिनीचा ग्रंथ त्या काळच्या पंडितांना उपलब्ध होताच. पुतळा सत्तर हात उंच होता, भूकंपानें कोसळला, आणि पडलेल्या स्थितींतहि त्याचा अंगठा कवेंत घेणें थोड्यांनाच साधे, असें तो सांगतो. हा भूकंप इ. स. पूर्व २२६ च्या सुमाराचा. प्लिनी त्यानंतर सुमारें तीनशें वर्षांनीं लिहीत होता. पुतळा बंदराच्या तोंडावर उभा असता तर तो पाण्यांत पडला असता. मग अंगठ्याला कवेंत कोण घेणार? इतका साधा विचार पुष्कळांस सुचला नाहीं, कारण चित्र डोळ्यांपुढें होतें. १६०८ सालीं आंतोनियो टेम्पेस्टा यानें सातही आश्चर्यें पुन्हां कोरलीं, तेव्हां महापुरुषाचे पाय तसेच फांकलेले राहिले. व्हिएन्नाचा वास्तुकार फिशर फॉन एर्लाख याचें चित्र १७२१ सालचें. त्यानें तर प्राचीन नाणीं व ग्रंथ पाहून आपला वास्तुकलेचा सचित्र इतिहास सिद्ध केला होता. पण ऱ्होड्सच्या बंदरापाशीं येतांच त्याचीहि कोरणी जुन्याच वाटेनें गेली.

ऱ्होड्सच्या मांद्राकी बंदराच्या तोंडाशीं आज दोन स्तंभ आहेत आणि त्यांवर हरणांच्या मूर्ति आहेत. महापुरुषाचीं पावलें येथेंच होतीं, असें प्रवाशांस अजूनहि सांगण्यांत येतें.