बर्गगासे १९ : तासाचा हिशेब

२५ एप्रिल १८८६, ईस्टरचा रविवार. सगळं व्हिएन्ना सुट्टीवर असताना सिग्मंड फ्रॉइड या तिशीला टेकलेल्या डॉक्टरनं राटहाउसस्ट्रासवर दवाखान्याची पाटी लावली. मुहूर्त अजब होता, पण घाई समजण्यासारखी. मार्था बर्नाइसशी साखरपुडा होऊन चार वर्षं होत आली होती आणि लग्न कमाईवाचून अडलं होतं.

सुरुवातीची वर्षं ओढाताणीत गेली. ज्येष्ठ स्नेही योसेफ ब्रॉयर पेशंटही पाठवायचे आणि उसने पैसेही द्यायचे. उपचार म्हणाल तर आधी वीज, मग संमोहन. नुसतं बोलू देणं आणि ऐकत बसणं हा उपचार व्हायला अजून अवकाश होता.

१८९१ साली बिऱ्हाड बर्गगासे १९ मध्ये आलं आणि ४७ वर्षं तिथंच राहिलं. त्याच इमारतीत तळमजल्यावर एका खाटकाचं दुकान होतं. त्याचंही नाव सिग्मंड!

तो जगप्रसिद्ध कोच एका पेशंटबाईंनी दिलेली भेट. पेशंटला आडवं करून आपण मागे का बसायचं, याचं एक कारण फ्रॉइडनं १९१३ च्या निबंधात सरळ सांगून टाकलं आहे: दिवसाचे आठ तास लोकांनी टक लावून आपल्याकडे पाहणं त्यांना सोसत नसे. पैशाबाबतही तोच रोखठोकपणा. ठरलेला तास पेशंटच्या मालकीचा. तो आला नाही तरी फी द्यायचीच. प्रतिष्ठित घरांतले संगीताचे शिक्षक हेच करतात, मग डॉक्टरनं का संकोचावं, असा त्यांचा सवाल.

पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रियाचं चलन कोसळलं, शिल्लक बुडाली. तासाला दहा डॉलर मोजणाऱ्या परदेशी पेशंटांनी घर तारलं. १९२१ मध्ये तर मोठी पंचाईत झाली: तास पाच जणांपुरते आणि होकार दिलेला सहा जणांना! तेव्हाच्या एका अमेरिकन पेशंटनं, एब्रम कार्डिनरनं, पुढे सांगितलेली हकीकत अशी की तोडगा मुलगी आनानं काढला. पाच जणांना आठवड्याचे सहा तास काय, सहा जणांना पाच तास काय, बेरीज तीसच. आठवड्यातून सहा बैठकांची शिस्त अशी पाढ्यानं मोडली.

गरिबांसाठी अशा उपचारांची मोफत केंद्रं हवीत, असं फ्रॉइड १९१८ मध्ये बुडापेस्टला बोलले होते. व्हिएन्नात तसं केंद्र १९२२ मध्ये उघडलं.

जून १९३८ मध्ये नाझींपायी शहर सोडावं लागलं. कोच मागोमाग लंडनला पोचला. जबड्याच्या कर्करोगानं जर्जर झालेले फ्रॉइड तिथंही मोजके पेशंट पाहत राहिले. दवाखाना बंद केला तो ऑगस्ट १९३९ मध्ये, मृत्यूच्या जेमतेम दोन महिने आधी.