वजन उतरलं, कातडीचं काय?

खूप वजन उतरवलेल्या माणसाला आपल्याकडे पहिला प्रश्न येतो तो, ‘काय गं, शुगर निघाली का?’ दुसरा, ‘चेहरा किती उतरलाय, आजारी होतीस?’ कौतुक त्यामागून येतं, आणि आलं तरी ते किलोंचं असतं. पन्नास-साठ किलो उतरवलेली बाई आंघोळीनंतर आरशासमोर उभी राहते तेव्हा तिला दिसतं ते काही वेगळंच: मांडीवर येऊन टेकलेली पोटाची घडी, दंडाखाली लोंबणारी कातडी, ओघळलेली छाती, सुरकुतलेल्या मांड्या. पुरुषांचंही हेच होतं. ते शर्ट सैल घालतात आणि त्याविषयी कुणाशी बोलत नाहीत.

वसईच्या एका स्त्रीची बातमी अनेकांना आठवत असेल. २०१५ साली तिचं वजन ३०० किलो होतं, कित्येक वर्षं ती अंथरुणाला खिळलेली होती. लठ्ठपणावरच्या दोन शस्त्रक्रिया झाल्या आणि चार वर्षांत ती ८६ किलोंवर आली. बातमीत २१४ किलोंचा आकडा ठळक छापून आला, आणि तो छापण्यासारखा होताच. पण ३०० किलोंच्या देहावर जी त्वचा वर्षानुवर्षं ताणून बसवलेली असते, ती चरबीबरोबर वितळत नाही.

ही गोष्ट वजन उतरवायला सुरुवात करतानाच सांगितली गेली पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. आहार सांगणारे, जिमवाले, इंजेक्शन लिहून देणारे आणि ऑपरेशन करणारे, सगळ्यांनी. कारण जिला हे आधी सांगितलेलं नसतं, ती सैल कातडीला स्वतःचं अपयश समजते. ‘एवढं करून काय मिळालं’ म्हणत काही जणी पुन्हा खायला लागतात. ज्यांना रक्तदाबाची गोळी बंद झाल्याचा, गुडघे दुखायचे थांबल्याचा आनंद व्हायला हवा, त्या पोटाची घडी पाहून खचतात.

आता तर हे सांगण्याची गरज वाढली आहे. डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या दोन वेळच्या जेवणाने महाराष्ट्रात घराघरांत दहा-पंधरा किलो उतरवणारे भेटतात, आणि तेवढ्याने बहुतेकांच्या कातडीला फार काही होत नाही. पण मार्च २०२५ मध्ये टिर्झेपटाइड आणि जूनमध्ये सेमाग्लुटाइडचं वजनासाठीचं इंजेक्शन भारतात आलं. टिर्झेपटाइडच्या २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत सर्वांत जास्त डोस घेणाऱ्यांचं वजन ७२ आठवड्यांत सरासरी सुमारे २१ टक्के उतरलं होतं. म्हणजे १२० किलोंचा माणूस ९५ वर. साधारण वीस-पंचवीस किलोंच्या पुढे उतरलं, की कातडी सैल पडण्याचा प्रश्न खरा उभा राहतो. पूर्वी तो ऑपरेशन करून घेणाऱ्या मोजक्यांचा होता, आता कल्याण-डोंबिवलीतल्या फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यातही तो येणार आहे.

त्वचा परत का आवळत नाही? तिच्या आतल्या थरात दोन प्रकारचे धागे असतात. कोलॅजन बळकटी देतं, आणि इलॅस्टिन ताणल्यावर पुन्हा मूळ जागी आणतं. कोलॅजन शरीर आयुष्यभर कमी-जास्त बनवत राहतं. इलॅस्टिनचं तसं नाही. ते मुख्यतः जन्माआधी आणि बालपणात तयार होतं आणि त्यावरच पुढची सत्तर-ऐंशी वर्षं काढायची असतात. लठ्ठपणा दहा-पंधरा वर्षं मुक्कामाला असला, की हे धागे जुन्या परकराच्या इलॅस्टिकसारखे ताणून-ताणून तुटतात. पोटावरचे, दंडावरचे पांढरे चट्टे म्हणजे तुटलेल्या थराच्याच खुणा. विशी-पंचविशीतला मुलगा चाळीस किलो उतरवून बऱ्यापैकी सावरतो, पण दोन बाळंतपणं झालेली पन्नाशीची बाई तेवढंच उतरवून सावरत नाही. वय, लठ्ठपणाची वर्षं, उतरलेले किलो, ऊन, तंबाखू-सिगारेट आणि आईबापांकडून आलेला कातडीचा पोत, इतक्या गोष्टी त्यात असतात. यात तिच्या जिद्दीचा काही दोष नाही.

म्हणूनच ‘स्किन टाइटनिंग’च्या क्रीमवर पैसे घालवू नयेत. तेल, कोरफड, कॉफीचा लेप यांनी कातडी मऊ होईल, पण लोंबणारी घडी वर जाणार नाही. रेडिओफ्रिक्वेन्सीची यंत्रं थोड्या सैल कातडीवर थोडा परिणाम दाखवतात. हातात धरून उचलता येईल एवढी घडी असेल तर त्यांचा उपयोग नाही. नुसतं लायपोसक्शन केलं तर आत उरलीसुरली चरबी निघते आणि वरचं आवरण आणखी लोंबतं. वजनं उचलण्याचा व्यायाम मात्र जरूर करावा. दंड आणि मांड्यांचे स्नायू भरले, की सैलपणा काही प्रमाणात भरून निघतो, आणि वजन उतरताना स्नायू झडतात तेही कमी होतं.

बहुतेक लेखांत सैल कातडीचा विषय दिसण्यापाशीच सुरू होतो आणि तिथेच संपतो. टिटवाळ्यात राहणाऱ्याला दिसण्याच्या आधी घाम आठवतो. कसाऱ्याच्या रेल्वेमार्गावरचं हे गाव. एप्रिल-मेमध्ये कल्याणपलीकडे मुंबईपेक्षा ऊन कडक, आणि हवेतला दमटपणा आहेच. अंगारकीला महागणपतीच्या दर्शनाची रांग तासन् तास सरकत असते. त्या रांगेत उभ्या असलेल्या, पोटावर घडी असलेल्या बाईचा जीव घडीखालच्या ओलीने कासावीस होतो. सकाळच्या लोकलमध्ये दांडीला हात धरून कल्याण, ठाणे करत मुंबई गाठायची, तर काखेत, छातीखाली, जांघेत, पोटाखाली कातडीवर कातडी घासत राहते. वारा लागत नाही, घाम सुकत नाही. आधी लाली, मग आग, मग चिघळणं, वास, आणि मग बुरशी.

हे टाळण्याचा उपाय बिनखर्चाचा आहे. आंघोळ करताना घडी हाताने उचलून आतून सौम्य साबणाने धुवायची. पुसताना घासायचं नाही, टिपायचं. मग घडी उचललेली ठेवून पाच मिनिटं पंख्याखाली बसायचं. हा भाग सगळे चुकवतात, कारण सकाळी ट्रेन गाठायची असते. जुन्या सुती साडीची किंवा मलमलची धुतलेली पट्टी घडीत अशी ठेवायची, की तिची दोन्ही टोकं बाहेर राहतील. टोक बाहेर असलं की ओल कापडातून बाहेर खेचली जाते आणि उडते. कापड सगळंच आत कोंबलं तर तेच ओलं होऊन उलटं कातडीला चिकटतं. डब्यात एक सुकी पट्टी जादा ठेवावी आणि दुपारी बदलावी. सुगंधी टाल्कम घामात भिजून त्याच्या गुठळ्या होतात, ते नको. घासलं जाण्याची जागा असेल तिथे झिंक असलेलं मलम पातळ लावावं. पावसाळ्यात अर्धवट वाळलेले आतले कपडे घालणं हे तर बुरशीला आमंत्रण. इस्त्री फिरवावी, पण ओले घालू नयेत. टॉवेल घरात प्रत्येकाचा वेगळा हवा.

आणि मेडिकलवाल्याला ‘खाजेची ट्यूब द्या’ म्हणू नये. त्या ट्यूबमध्ये बहुधा जोरकस स्टिरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक यांची खिचडी असते. दोन दिवसांत खाज थांबते, म्हणून ती आवडते. पण स्टिरॉइड त्या जागेची प्रतिकारशक्ती दाबतं, बुरशी आतून पसरते, आणि घडीतली बंद, ओली कातडी ते जास्तच शोषून घेते. आधीच पातळ झालेली कातडी आणखी पातळ होते, जांघेत कायमचे चट्टे पडतात. गेल्या दहा-बारा वर्षांत देशभर नायटा हट्टी झाला आहे, नेहमीच्या गोळ्यांना दाद देत नाही. त्यामागची एक बुरशी आता इतकी ओळखीची झाली आहे, की २०२० साली तिला भारताच्या नावावरून ‘ट्रायकोफायटॉन इंडोटिनी’ हे नाव मिळालं. अशा स्टिरॉइड मलमांच्या सर्रास वापराचा तिच्या फैलावात हात असल्याचं त्वचातज्ज्ञ सांगतात. २०१८ साली सरकारने चौदा स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, तरी काउंटरवर ती मिळतातच. आठवड्यात लाली गेली नाही तर त्वचेच्या डॉक्टरला दाखवावं. घडीभोवतीची जागा गरम होऊन सुजली आणि ताप आला तर त्याच दिवशी.

एवढी काळजी घेऊनही कुणाची कातडी वारंवार चिघळते, कुणाला चालताना पोटाचा झोला कमरेला ओढतो. अशांना ऑपरेशन हाच इलाज. त्याचा इतिहासही दिसण्यापासून सुरू झालेला नाही. १८९९ साली बाल्टिमोरमध्ये हॉवर्ड केली या स्त्रीरोगशल्यविशारदाने एका लठ्ठ बाईच्या पोटावरचा सुमारे साडेसात किलोंचा भाग काढला, तो तिला होणाऱ्या त्रासासाठी. आज पोटाची नुसती लोंबती घडी काढतात, किंवा त्याबरोबर पोटाचे सैल स्नायू आवळून बेंबी नव्या जागी बसवतात. फार सैलपणा असेल तर कमरेभोवती पूर्ण वळसा घालून मांड्या-नितंबही वर ओढतात. दंड, मांड्या, छाती यांची ऑपरेशनं वेगळी, आणि सगळी एका दिवसात करत नाहीत.

व्रण राहतो, हे समजून घ्यावं. पोटाचा व्रण कमरेच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत, परकराच्या नाडीखाली लपणारा. दंडाचा मात्र काखेपासून कोपरापर्यंत, हात वर केला की दिसणारा. लोंबती कातडी द्यायची आणि त्या बदल्यात व्रण घ्यायचा, असा हा व्यवहार आहे. तो कुणाला पटतो, कुणाला नाही. कोपरापर्यंत बाहीचा ब्लाऊज शिवून घेऊन मजेत राहणारीचा निर्णयही तितकाच शहाणपणाचा.

घाई नको. वजनाच्या शस्त्रक्रियेनंतर साधारण वर्ष-दीड वर्ष थांबतात, आणि वजन निदान तीन ते सहा महिने एका जागी स्थिरावलेलं लागतं. आधी कापलं आणि मग आणखी पंधरा किलो उतरले, तर कातडी पुन्हा सैल. आणखी मुलं हवी असतील तर पोटाचं ऑपरेशन पुढे ढकलावं. तंबाखू, मिश्री, सिगारेट किमान महिनाभर आधी पूर्ण बंद. निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात आणि टाक्यांची कडा काळी पडू शकते. शुगर आटोक्यात हवी. रक्त आणि प्रथिनं तपासून घ्यावीत. महाराष्ट्रात निम्म्याहून जास्त स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे, आणि जठराचं ऑपरेशन झालेल्यांना लोह, बी-१२ बऱ्याचदा कमी पडतं. अशा रुग्णाला दिवसाला साठ ते ऐंशी ग्रॅम प्रथिनं लागतात. एका अंड्यात सहा ग्रॅम, वाटीभर शिजलेल्या डाळीत सहा-सात. वरणभातावर हा हिशोब जुळत नाही. अंडी, दही, पनीर, मटकी, मासे हे रोज आणि मोजून खावे लागतात.

टिटवाळ्यात घरी परतल्यावरची व्यवस्था मात्र दवाखान्यात कुणी विचारत नाही. पोट आवळल्यामुळे पहिला आठवडा-दहा दिवस वाकूनच चालावं लागतं. कुशीत नळ्या असतात, त्यांत साठलेलं पाणी रोज मोजून लिहायचं. पोटाला पट्टा साधारण सहा आठवडे. तेवढे दिवस पाण्याची बादली उचलणं नाही, गॅसचा सिलिंडर सरकवणं नाही, लोकलच्या गर्दीत चढणं तर अजिबात नाही. लिफ्ट नसलेल्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहणारीने आधीच पहिल्या मजल्यावरच्या नातेवाइकाकडे सोय लावावी, नळ सकाळी येत असेल तर पाणी कोण भरणार ते ठरवावं. टाक्यांखाली पाणी साठणं, कडा थोडी उघडणं हे बऱ्याच जणांना होतं आणि ड्रेसिंगने भरून येतं. पण पोटरी एका बाजूने सुजली, दुखली किंवा अचानक दम लागला, तर ती रक्ताची गाठ असू शकते. तेव्हा सकाळची वाट पाहू नये.

खर्चाचा प्रश्न शेवटी येतो आणि बहुतेकांचं तिथेच अडतं. ‘हे कॉस्मेटिक आहे’ असं म्हणून विमा कंपनी हात वर करते. तेव्हा पॉलिसी उघडून पाहावी. विमा नियामकाने २०१९ साली सगळ्या कंपन्यांसाठी वगळण्याच्या अटींची भाषा एकसारखी केली. त्यात आठव्या क्रमांकाच्या अटीत रूप बदलण्याचे उपचार वगळले आहेत, पण अपघात, भाजणं, कर्करोग यांनंतरची दुरुस्ती वगळलेली नाही. आणि थेट, तातडीचा धोका दूर करण्यासाठी वैद्यकीय दृष्ट्या आवश्यक उपचाराचा भाग असेल, तर असा उपचारही वगळलेला नाही. तसं उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी प्रमाणित करायचं असतं. ते प्रमाणपत्र हवेतून येत नाही. प्रत्येक वेळी चिघळलं तेव्हा डॉक्टरकडे गेल्याचे कागद, तारखेचे फोटो, कोणती औषधं किती दिवस घेतली त्याच्या पावत्या, कंबरदुखीची नोंद, हे सगळं एका फाइलीत लागतं. घरच्या घरी ट्यूब लावून दोन वर्षं काढलेल्या बाईकडे नेमकं हेच नसतं. म्हणून पहिल्यांदा कातडी चिघळली त्याच दिवसापासून फाइल सुरू करावी, आणि ऑपरेशनच्या आधी विमा कंपनीची मंजुरी लेखी मागावी. नाकारलं तर कारणही लेखीच मागावं, म्हणजे विमा लोकपालाकडे जाता येतं.

विमा नसेल तर केईएम, सायन, नायर, जे. जे. या सरकारी-पालिका रुग्णालयांत प्लास्टिक सर्जरीचे विभाग आहेत. टिटवाळ्याहून येणारी जलद गाडी भायखळ्याला थांबते, तिथून जे. जे. आणि नायर जवळ. सायनला आणि केईएमसाठी परळला धीम्या गाडीने जावं लागतं. या विभागांत भाजलेले, अपघातातले आणि कर्करोगाचे रुग्ण आधी घेतात आणि ते बरोबरच आहे, त्यामुळे थांबायची तयारी ठेवून जावं. खासगीत करायचं असेल तर सर्जनकडे प्लास्टिक सर्जरीची एम.सीएच. किंवा डी.एन.बी. पदवी आहे का आणि महाराष्ट्र वैद्यक परिषदेत नोंदणी आहे का, एवढं पाहावं. आपल्यासारख्याच रुग्णांचे व्रणासकट फोटो दाखवायला सांगावं. ते दाखवायला टाळाटाळ होत असेल तर दुसरा सर्जन शोधावा.