पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री आणि सिहोरची पाठशाळा

देवगड तालुक्यातलं पोंभुर्ले ‘दर्पण’कारांमुळे सर्वांना ठाऊक आहे. मला मात्र या ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकरांमधला गणिताचा शिक्षक वर्षानुवर्षं जास्त ओढ लावत आला आहे. घरी वडिलांजवळ संस्कृत शिकलेला हा मुलगा १८२५ मध्ये मुंबईला गेला, १८३४ मध्ये एल्फिन्स्टनमध्ये शिकवू लागला आणि ‘शून्यलब्धी’ या नावानं कलनशास्त्र त्यानं मराठीत आणलं. त्या काळी धर्माच्या छत्राखाली चालणाऱ्या शाळांत विज्ञान कसं शिकवत, हे शोधत गेलो आणि भोपाळजवळच्या सिहोरपाशी थबकलो.

मुंबईतल्या मिशनशाळांची भूमिका सरळ होती. तिच्यामागे मिशनरी अलेक्झांडर डफनं १८३० पासून कलकत्त्यात राबवलेली कल्पना होती, ती अशी की, मेरू पर्वत, सात द्वीपं, दुधातुपाचे समुद्र हा पुराणांतला भूगोल नव्या विज्ञानापुढे टिकणार नाही आणि तो ढासळला की धर्मही ढासळेल. तिथे कसून शिकवत, हे मान्यच केलं पाहिजे. पण पृथ्वीचा गोल वर्गात आणायचा तो समोरच्या मुलाचा धर्म सोडवण्यासाठी, हे मला विज्ञानशिक्षणाचं नुकसान वाटतं. उत्तर आधीच ठरलेलं असलं, तर मुलानं शोधायचं काय?

सिहोरचा पोलिटिकल एजंट लॅन्सलॉट विल्किन्सन यानं वेगळी वाट धरली. संस्कृत पाठशाळेत भास्कराचार्यांचा ‘सिद्धान्तशिरोमणी’ शिकवायचा आणि तिथून कोपर्निकसकडे न्यायचं. १८३४ मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्यानं ही योजना मांडली. पृथ्वीला आधार हवा असेल तर त्या आधारालाही दुसरा आधार लागेल, आणि शेवटचा जर स्वतःच्या बळावर राहू शकतो तर पृथ्वीच का नाही, हा भास्कराचार्यांचा युक्तिवाद मुलांना त्यांच्याच शास्त्रात सापडत होता.

भास्कराचार्यांच्या मते उज्जैन निरक्ष देशापासून, म्हणजे विषुववृत्तापासून, पृथ्वीच्या परिघाच्या सोळाव्या हिश्शावर आहे. ३६० ला १६ नं भागा, साडेबावीस अंश येतात. आजचा अक्षांश सुमारे २३.२. चूक पाऊण अंशाच्या आत. पडताळा घ्यायला ध्रुवतारा पुरतो: तो क्षितिजापासून जितके अंश वर, साधारण तितका त्या जागेचा अक्षांश. मालवणच्या किनाऱ्यावर तो क्षितिजापासून सुमारे १६ अंश वर असतो, मुंबईत १९, सिहोरला २३. पृथ्वी सपाट असती, तर इतका दूरचा तारा गलबत मालवणहून मुंबईला गेलं म्हणून तीन अंश वर चढला नसता. तांडेलाच्या मुलाला समजेल असं हे खगोल आहे, आणि त्यासाठी कुणी आपला देव सोडायला नको.

या पाठशाळेतले सुबाजी बापू मला सर्वांत मोठे वाटतात, आणि त्यांचं नाव आपल्या शाळांतून कधी ऐकू येत नाही. १८३६ मध्ये त्यांनी मराठीत ‘सिद्धान्तशिरोमणिप्रकाश’ लिहून पुराणं, सिद्धान्त आणि कोपर्निकस या तिघांची मतं शेजारी शेजारी ठेवली, आणि कौल कोपर्निकसला दिला. पुढच्याच वर्षी यज्ञेश्वरशास्त्री रोडे यांनी ‘अविरोधप्रकाश’ काढला: पुराणं आणि ज्योतिष यांत विरोध नाहीच, असं त्यांचं म्हणणं. त्याला सिहोरहून ‘अविरोधप्रकाशविवेक’ हे उत्तर गेलं. पंडितांनी पंडितांशी ग्रंथ लिहून केलेलं हे भांडण मला कुठल्याही पाठ्यपुस्तकापेक्षा मोलाचं वाटतं.

मुंबईत मात्र भांडण कोर्टात गेलं. १८४३ मध्ये मिशनशाळेतल्या नारायण शेषाद्रीनं बाप्तिस्मा घेतला, आणि मिशनऱ्यांकडे राहणारा त्याचा धाकटा भाऊ श्रीपत सुप्रीम कोर्टाच्या हुकुमानं वडिलांकडे परतला. त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यावं म्हणून बाळशास्त्री उभे राहिले, तर सनातन्यांनी त्यांनाच वाळीत टाकायची भाषा केली. ‘दिग्दर्शन’ मासिकातून विज्ञान शिकवणाऱ्या माणसाची शक्ती अशी धर्मनिर्णयात खर्ची पडली, याचं मला फार वाईट वाटतं.

गोदाकाठच्या टोक्याचे बापूदेव शास्त्री सिहोरलाच शिकले आणि १८४२ मध्ये काशीच्या संस्कृत कॉलेजात अध्यापक झाले. भास्कराचार्यांच्या तात्कालिक, म्हणजे त्या क्षणापुरत्या, गतीत कलनशास्त्राचं तत्त्व आहे, हे त्यांनी १८५८ मध्ये निबंध लिहून दाखवलं. बाळशास्त्री १८४६ मध्येच गेले होते. ते असते, तर एल्फिन्स्टनच्या वर्गात त्यांनी हा निबंध ताबडतोब शिकवायला घेतला असता, याची मला खात्री आहे.