लाकडी घोडा आणि वर्णाचे कुंपण

सुट्टी लागली की मुले करमणूक उद्यानाचा हट्ट धरतात. तेथील पाळणे, मेरी-गो-राउंड, रोलरकोस्टर पाहून हरखतात. हे सारे कशाचे बनते आणि कोणासाठी बनते, हे दोन्ही प्रश्न मुलांशी बोलण्यासारखे आहेत.

पहिल्याचे उत्तर सोपे. जुन्या मेरी-गो-राउंडवरील घोडे लाकडाचे. लाकडाचे तुकडे सरसाने जोडून ते आतून पोकळ ठेवीत, म्हणजे वजन कमी होई. पुढे ॲल्युमिनियम आले आणि मग न कुजणारे, साच्यात घडणारे फायबरग्लास. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवरील ‘सायक्लोन’ हा रोलरकोस्टर १९२७ सालचा. त्याचा सांगाडा पोलादी, पण मार्ग लाकडी फळ्यांच्या थरांचा. लाकूड किंचित दबते आणि धक्का सोसते. १९५९ साली डिस्नेलँडमध्ये पोलादी नळ्यांचा मार्ग आला आणि अवघड वळणे घेणे सोपे झाले.

दुसऱ्याचे उत्तर मात्र कडू आहे. अमेरिकेत बाल्टिमोरजवळच्या ग्विन ओक उद्यानात काळ्या मुलांना प्रवेश नव्हता. १९५५ पासून तेथे निदर्शने होत होती. ४ जुलै १९६३ रोजी, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनीच, पावणेतीनशेहून अधिक निदर्शकांना अटक झाली. त्यांत धर्मगुरूही होते. त्याच वर्षी बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिलेल्या पत्रात मार्टिन ल्यूथर किंग यांनी एका बापाची व्यथा मांडली होती. फनटाऊन उद्यान काळ्या मुलांना बंद का, हे सहा वर्षांच्या लेकीला कसे सांगावे?

अखेर २८ ऑगस्ट १९६३ रोजी ग्विन ओकचे दार सर्वांना उघडले. शॅरन लँगली ही अकरा महिन्यांची काळी मुलगी वडिलांच्या आधाराने मेरी-गो-राउंडच्या घोड्यावर बसली. त्याच दिवशी वॉशिंग्टनला किंग यांचे ऐतिहासिक भाषण झाले. तेच मेरी-गो-राउंड १९८१ साली वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवर नेण्यात आले.

आपल्याला ही कथा परकी वाटणार नाही. ‘सायक्लोन’ उभा राहिला त्याच १९२७ साली, २० मार्चला, बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. तहान भागविणे एवढाच त्यामागचा हेतू नव्हता. माणूस म्हणून समान हक्क सिद्ध करायचा होता. १९४६ साली बाबासाहेबांनी काळ्यांचे विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले, तेही दोन्ही समाजांच्या स्थितीतील साम्य जाणूनच.

पालकांनो, मुलांना पाळण्यात अवश्य बसवा. पोलाद, लाकूड, फायबरग्लास यांची ओळख करून द्या. त्यातून उद्याचा अभियंता घडेल. आणि त्या जागेवर बसण्याचा हक्क कुणी कसा मिळविला, तेही सांगा.